टिल्लू पंपाचं समीकरण

एक नळ टाकी 6 तासांत भरतो, दुसरा तीच टाकी 9 तासांत रिकामी करतो. दोन्ही एकदम सोडले तर टाकी भरायला किती वेळ लागेल? उत्तर 18 तास. हे उदाहरण सोडवल्याशिवाय आपल्यातला कोणी दहावीपर्यंत पोचलेला नाही. टाकी भरत असताना दुसरा नळ उघडा कोणी ठेवला, हे मात्र कुणी विचारत नाही.

नागपुरात बी.एड.च्या गणित अध्यापन पद्धतीच्या तासाला मी हे उदाहरण फळ्यावर लिहितो आणि विचारतो, तुमच्या घरचा नळ असा वागतो का? थोडा हशा होतो आणि मागच्या बाकावरून येतं, "सर, टिल्लू नाही लावला तं वरच्या मजल्यावर पाणीच चढत नाही."

टिल्लू म्हणजे नळाच्या लाइनलाच थेट जोडलेला छोटा पंप. त्याला मनाई असते आणि तो सगळ्यांना माहीत असतो. माझ्या मते गणित आणि नागरिकशास्त्र एकत्र शिकवायला याच्याइतकं चांगलं साधन नाही.

समजा एका गल्लीत 10 घरं आहेत आणि लाइनमधून तासाला 3000 लिटर पाणी येतं. सारखं वाटलं तर घरटी 300 लिटर. एका घराने टिल्लू लावला आणि तो 900 लिटर ओढू लागला, तर उरलेल्या 9 घरांना साधारण 233 लिटर मिळतील. दोन टिल्लू झाले की बाकीच्या 8 घरांना 150. तिसरा लागला की 7 घरांच्या वाट्याला जेमतेम 43 लिटर. चौथ्या पंपाला ओढायला 900 लिटर उरलेलेच नाहीत. शेवटी दहाही घरांनी पंप लावले की प्रत्येकाला पुन्हा 300 लिटरच मिळतात, वर विजेचं बिल! शिवाय पंपाच्या ओढीने पाइपमधला दाब बाहेरच्यापेक्षा खाली गेला, तर जिथे गळती आहे तिथून नालीचं पाणी आत शिरू शकतं.

प्रत्येकाने स्वतःपुरता शहाणपणाचा निर्णय घ्यायचा आणि सगळ्यांनी मिळून तोट्यात जायचं, या कोड्यावर अर्थशास्त्रात बरंच काम झालं आहे. सामायिक संसाधनं लोक स्वतः नियम करून कशी टिकवतात याच्या अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सिंचनाच्या पाण्याची वाटणी हा त्यांच्या अभ्यासाचा मोठा भाग होता.

इथवर आलं की छात्राध्यापकांना वाटतं, पाठ संपला. टाचणात 'मूल्य : सामाजिक जबाबदारी' असं लिहून ते वही मिटायला लागतात. माझं भांडण इथेच सुरू होतं.

कारण आपण एक गोष्ट गुपचूप धरून चाललो होतो, की टिल्लू नसेल तर पाणी सगळ्यांना सारखं मिळतं. तसं होत नाही. लाइनच्या दाबाने पाणी जमिनीपासून 4 मीटर चढतं असं धरा. अंगणातली तोटी 1 मीटरवर असेल तर तिला 3 मीटरचा दाब उरतो. पहिल्या मजल्यावरची तोटी 4 मीटरवर असेल तर तिला शून्य. त्यात टॉरिचेल्लीच्या नियमाप्रमाणे पाण्याचा वेग दाबाच्या उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणजे दाब चौथाईवर आला की वेग निम्मा. गल्लीच्या टोकाच्या घरापर्यंत पाइपच्या घर्षणातही दाब जातो. आता मागच्या बाकावरचा तो मुलगा चोर वाटत नाही.

पहिल्या समीकरणात दोषी शेजारी होता. दुसऱ्यात प्रश्न विचारायचा आहे तो दाबाबद्दल, आणि तो पाणीपुरवठा सांभाळणाऱ्यांना. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या परिशिष्टात नागरी स्थानिक संस्थांच्या कामांत पाणीपुरवठा आहेच. पेंच आणि कन्हानचं पाणी पिणाऱ्या या शहरात चोवीस तास पाण्याची योजना आली, तिच्यामागचं गणितही दाबाचंच आहे. लाइनमध्ये कायम पुरेसा दाब राहिला, तर टिल्लूचं काम उरत नाही.

समीकरणात काय घ्यायचं आणि काय वगळायचं, इथेच जबाबदारी कोणावर टाकायची हे बरंचसं ठरून जातं. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 ने गणित शिकवण्याचं मुख्य उद्दिष्ट विचारांचं गणितीकरण, म्हणजे मुलांना गणिती पद्धतीने विचार करायला शिकवणं, असं सांगितलं, पण आमच्या सराव पाठांच्या निरीक्षणात आजही गुण मिळतात ते उत्तर बरोबर आलं का, फळालेखन नीट होतं का यालाच. गृहीतकांवर वर्गात वाद झाला तर निरीक्षक 'वर्गनियंत्रण कमी' असा शेरा मारून मोकळे होतात. (मीही मारलेत.)

एक गोष्ट मात्र मी बजावून सांगतो. शाळेत हा पाठ घेताना "कोणाच्या घरी टिल्लू आहे, हात वर करा" असं विचारायचं नाही. वर्गात टिल्लूवाल्याचं पोर असतं, तसंच सार्वजनिक नळावर रांग लावून आलेलंही असतं. गल्ली काल्पनिकच ठेवायची. मोजायचंच असेल तर शाळेच्याच वेगवेगळ्या उंचीच्या दोन तोट्यांखाली बादल्या ठेवून मोबाइलवर वेळ घ्यायची.

गेल्या उन्हाळ्यात एका छात्राध्यापिकेने गल्लीतल्या पाणीवाटपाच्या तक्त्यात एक रकाना वाढवला : कूलर. शहरांसाठी माणशी रोज 135 लिटर हे प्रमाण तिने वाचलं होतं. ते डिसेंबरला आणि मेला सारखंच कसं, असं तिचं म्हणणं. दुसरी म्हणाली, ज्यांच्याकडे कूलरच नाही त्यांचं पाणी कूलरवाल्यांना द्यायचं का? तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही, आणि खिडकीतला आमचा कूलर तेवढ्यात कोरडा पडला होता.