जळगाव विमानतळावर ॲप्रनचं काम: एईपी पास, कागदपत्रं आणि पंख्याच्या विमानाजवळचे नियम

जळगावला येणारं प्रवासी विमान म्हणजे सहसा एटीआर ७२, दोन पंख्यांचं. विमान उभं राहतं त्या फरसबंद जागेला ॲप्रन म्हणतात. तिथे सामान चढवायला, चाकांना ठोकळे लावायला किंवा प्रवाशांना वाट दाखवायला जायचं तर गळ्यात एअरपोर्ट एन्ट्री पास, म्हणजे एईपी, हवाच. तो देण्याची यंत्रणा नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोची, म्हणजे बीसीएएसची आहे.

हा पास कुणालाही परस्पर काढता येत नाही. आधी विमान कंपनीत, ग्राउंड हँडलिंग एजन्सीत किंवा विमानतळाच्या कंत्राटदाराकडे नेमणूक व्हावी लागते. मग त्या संस्थेचा अधिकृत सही करणारा माणूस तुमचा अर्ज ऑनलाइन भरतो. त्यामुळे “पैसे द्या, विमानतळाचा पास काढून देतो” असं सांगणारा एजंट भेटला तर सरळ घरी निघून या.

वय १८ पूर्ण हवं. शिक्षणाची अट नेमणूक करणारी संस्था ठरवते. लोडरला दहावी, इतर कामांना बारावी असं साधारण दिसतं. पोलिसांत गुन्हा नोंद असेल तर तो लपवू नका. पडताळणीत तो निघतोच, आणि मग गुन्ह्यापेक्षा लपवाछपवीच जास्त नडते.

कागदपत्रांत आधार, पत्त्याचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा, फोटो, नेमणुकीचं पत्र, पोलिसांची चारित्र्य पडताळणी आणि सुरक्षा जाणीव प्रशिक्षणाचं (ॲव्हसेक) प्रमाणपत्र एवढं तयार ठेवा. अर्ज अडकतो तो बहुधा नावावरून. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. हे अर्जाआधी दुरुस्त करून घ्या. दुसरी अडचण पत्त्याची. खानदेशातली कितीतरी मुलं दोन-चार वर्षं सुरत किंवा पुण्याला काढून परत येतात आणि अर्जात फक्त गावचा पत्ता टाकतात. मागचे पत्ते विचारले असतील तर सगळे लिहा. तिथल्या पोलिसांकडून अहवाल यायला वेळ लागतो, तो धरून चाला.

पासवर कुठल्या भागात जाता येईल त्याची इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. ॲप्रनसाठी ‘पी’. ते नसेल तर पास असूनही विमानापर्यंत जाता येणार नाही. सामान हाताळणाऱ्यांना धोकादायक मालाचं प्रशिक्षणही लागतं आणि ते दर २४ महिन्यांनी पुन्हा करावं लागतं.

आता विमानाजवळचं. कागद नीट असून माणूस चुकतो तो इथे.

फिरणारा पंखा दिसत नाही. एटीआरच्या पंख्याचा व्यास जवळपास ३.९ मीटर, सहा पाती, आणि खालचं टोक उभ्या माणसाच्या छातीच्याही खाली येतं. पंखे पूर्ण थांबले, विमानावरचा लुकलुकणारा लाल दिवा (बीकन) बंद झाला, चाकांना ठोकळे लागले आणि इनचार्जने खूण केली, की मगच पुढे. आधी जातो तो फक्त ठोकळे लावणारा, तोही ठरलेल्या वाटेने.

पण एटीआरला ‘हॉटेल मोड’ असतो. उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेकने धरून ठेवतात आणि इंजिन मात्र चालू असतं, वीज आणि हवेसाठी. पंखा स्थिर, आवाज सुरू. नवीन माणूस इथे गोंधळतो: थांबलेला पंखा बघून जवळ जातो, किंवा आवाजाला सरावून दुसरं इंजिन कधी सुरू झालं ते त्याच्या ध्यानातच येत नाही. ब्रेक लागलेला असला तरी त्या पंख्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, आणि इंजिनामागच्या गरम झोतातही नाही.

सामानाचा दरवाजा डावीकडे पुढे, प्रवाशांचा डावीकडे मागे, आणि दोन्हींच्या मध्ये डावा पंखा. म्हणून ट्रॉली नाकाच्या बाजूने आणतात आणि प्रवाशांना विमानाच्या पंखाच्या (विंगच्या) टोकाबाहेरून वळसा घालून नेतात. मधे शंकूच्या आकाराचे कोन लावतात आणि एक माणूस उभा करतात. फोटोसाठी रांग सोडणारा प्रवासी रोजचा आहे, त्यामुळे त्या माणसाने मोबाइल खिशातच ठेवावा. माल चढवताना शेपटीखाली टेकू लागतो, नाहीतर मागे भार जास्त झाला की नाक वर उचललं जातं.

बंद इंजिनाचा पंखाही वाऱ्याने फिरतो, कारण एटीआरच्या इंजिनात पंख्याचा टर्बाइन मोकळा असतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे वावटळी उठतात, तेव्हा उभ्या विमानाचा पंखा पट्ट्याने बांधलेला आहे ना, हे बघायचं. उन्हासाठी डोक्याला रुमाल गुंडाळायची सवय इथे सगळ्यांना. ॲप्रनवर सुटं टोक असलेला रुमाल, गमछा, टोपी चालत नाही. कानाचे मफ्स आणि चकाकणारं जॅकेट मात्र सक्तीचं.

शिरपूरसारख्या धावपट्टीवर प्रशिक्षणाच्या छोट्या पिस्टन विमानांजवळ काम असेल तर वेगळी खबरदारी. मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्राची, वायर तुटलेली असेल तर किल्ली बंद असूनही हाताने पंखा फिरवल्यावर इंजिन अचानक सुरू होऊ शकतं. ढकलताना पंख्याला हात लावायचाच नाही, टो-बार (विमान ओढायचा दांडा) वापरा.

इशाऱ्यांत अर्धवट समजलेलं चालत नाही. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईत खूण समजण्यात गफलत झाली, विमान हललं आणि एका तंत्रज्ञाचा जेट इंजिनात ओढला जाऊन मृत्यू झाला. पंख्याच्या विमानालाही हेच लागू: खूण पोहोचल्याची उलट खूण मिळेपर्यंत काहीच हलवायचं नाही.

ट्रॅक्टर किंवा गाडी चालवायची तर एईपी पुरत नाही. त्यासाठी एअरसाइड ड्रायव्हिंग परमिट (एडीपी) लागतं: वैध लायसन्स, डोळे-कानांची तपासणी, प्रशिक्षण आणि चाचणी. शेतात ट्रॅक्टर चालवलेला असणं इथे मोजलं जात नाही. विमानाजवळ येण्याआधी थांबून ब्रेक तपासायचा आणि पुढे पायी चालण्याच्या वेगाने जायचं. दारूची श्वास-तपासणी अचानक होते, ग्राउंड स्टाफचीसुद्धा.

पास हरवला तर त्याच दिवशी संस्थेला आणि पोलिसांना कळवा. नोकरी सोडताना तो परत करा, नाहीतर पुढच्या नोकरीच्या अर्जात जुना पास आडवा येतो.