खुब्याच्या दुखण्यामागचा सिकलसेल

तिशीच्या आसपासचा, अंगमेहनत करणारा एखादा माणूस जांघेत कळ येते म्हणून दवाखान्यात जातो. दुखणे बऱ्याचदा गुडघ्यापर्यंत उतरते, म्हणून एक्स-रे गुडघ्याचा काढला जातो आणि त्यात काहीच सापडत नाही. काही महिन्यांनी त्याला मांडी घालून बसता येईनासे होते, उकिडवे बसताना भिंतीचा आधार लागतो आणि चालताना तो एका पायावर भार टाळू लागतो. डॉक्टरांनी त्याला उताणे झोपवून, गुडघा वाकवून पाय आतल्या बाजूला वळवून पाहिला, तर मूळ दुखणे खुब्यात आहे हे तिथल्या तिथे कळते. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शिरपूर किंवा चोपडा या सातपुड्याच्या पट्ट्यातला असा रुग्ण असेल, तर वाताच्या गोळ्या लिहून देण्याआधी त्याच्या रक्ताची सिकलसेलसाठी (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजारासाठी) तपासणी व्हायला हवी, असे मला ठामपणे वाटते.

सिकलसेल हा लहान मुलांचा आजार, अशी समजूत आपल्याकडे अजून आहे. वास्तविक शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ज्या रुग्णाच्या रक्तातल्या विळ्यासारख्या पेशींची नोंद प्रथम प्रसिद्ध केली, तो विशीतला, दंतवैद्यकाचे शिक्षण घेणारा तरुण होता. भारतात हा दोष १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये आढळला. आज खान्देशात भिल्ल, पावरा आणि इतर समाजांत तो मोठ्या प्रमाणावर आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच मूळ फरक. मात्र प्राणवायू कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून पेशीच्या आत लांब दोरे तयार करते, पेशी ताठर होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकून बसते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी बहुधा १० ते २० दिवसांतच संपते. या आजाराचे प्रौढपणीचे बहुतेक उपद्रव रक्तवाहिनीतला अडथळा आणि पेशींचा अकाली नाश या दोन गोष्टींतूनच निघतात.

खुब्यातले मांडीच्या हाडाचे गोल टोक मोजक्या, बारीक रक्तवाहिन्यांवर जगते आणि त्या तुंबल्या तर पर्यायी वाट जवळपास नसते. हाडाचा तो भाग आतून मरतो, पण त्याचा बाहेरचा आकार बराच काळ टिकून राहतो, त्यामुळे सुरुवातीचा एक्स-रे अगदी स्वच्छ दिसतो आणि रुग्णाला ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवले जाते. त्या टप्प्यावर एमआरआयमध्ये मात्र बदल दिसतात. टोक खचण्यापूर्वी निदान झाले तर भार कमी करणे, व्यायाम आणि निवडक रुग्णांत हाडाला छिद्र पाडून आतला दाब उतरवणे, एवढे तरी करता येते. खचल्यावर बहुधा सांधाबदलाचीच शस्त्रक्रिया उरते. ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा शेतावर राबणाऱ्या तिशीतल्या माणसासाठी या दोन टप्प्यांमधले अंतर म्हणजे त्याची रोजीरोटीच असते.

प्लीहेच्या (पाणथरीच्या) बाबतीत आपल्याकडचे चित्र पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांपेक्षा वेगळे आहे. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांची प्लीहा रक्तपुरवठा वारंवार तुटून लहानपणीच आक्रसून निकामी होते. आपल्याकडे आढळणाऱ्या अरब-भारतीय प्रकारात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन अधिक प्रमाणात टिकून राहते, आजार तुलनेने सौम्य असू शकतो आणि वाढलेली प्लीहा मोठ्या वयापर्यंत राहते. म्हणूनच प्लीहेत अचानक रक्त साठून हिमोग्लोबिन झपाट्याने घसरण्याचा धोका प्रौढालाही असतो. ‘सौम्य प्रकार’ या शब्दांवर फार विसंबू नये.

मूत्रपिंडाच्या आतल्या भागात मुळातच प्राणवायू कमी, आम्लता आणि क्षारांचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे तिथे पेशी सहज वाकड्या होतात. परिणामी लघवी घट्ट करण्याची क्षमता लवकर जाते, शरीर पाणी राखू शकत नाही आणि रात्री वारंवार उठावे लागते. मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४४-४५ अंशांकडे जातो, तेव्हा अशा माणसाच्या शरीरातले पाणी इतरांपेक्षा लवकर घटते आणि पाणी घटले की वेदनेचा झटका जवळ येतो. लघवीतून रक्त जाण्याचा प्रकार तर एरवी निरोगी असणाऱ्या एएस म्हणजे वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेल्या) व्यक्तीतही कधीकधी दिसतो. तो मूतखडा समजून सोडून देऊ नये.

डोळे पिवळे दिसले की गावात काविळीचे औषध सुरू होते. सिकलसेलमध्ये हा पिवळेपणा बहुतेक वेळा पेशी फुटल्यामुळे असतो, आणि त्याच रंगद्रव्याचे खडे पित्ताशयात तरुणपणीच तयार होतात. तसेच, प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. तपासणीशिवाय वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या देण्याने या रुग्णांचे भले होत नाही.

मधुमेहाशी असलेला या आजाराचा संबंध फारसा कोणी सांगत नाही, पण तो महत्त्वाचा आहे. एचबीएवनसी ही चाचणी तांबड्या पेशीला तिच्या आयुष्यभरात किती साखर चिकटली ते मोजते. पेशी दोन-तीन आठवड्यांतच मरत असेल तर साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि रक्तातली साखर वाढलेली असूनही अहवाल समाधानकारक येतो. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाचा मधुमेह उपाशीपोटी आणि जेवणानंतरच्या साखरेवर, किंवा फ्रुक्टोसामिन चाचणीवर जोखावा. मूत्रपिंडाचे काम जोखण्यासाठी रक्तात मोजल्या जाणाऱ्या क्रिएटिनिनचेही असेच आहे: ते बराच काळ कमीच दिसते, म्हणून लघवीतले अल्ब्युमिन हे प्रथिन तपासणे आवश्यक ठरते.

दृष्टिपटलाच्या कडेला नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटतात, पण रक्तस्राव होईपर्यंत नजर चांगली असते. त्यासाठी बाहुली मोठी करून वर्षाला एकदा तपासणी करावी. हाडात साल्मोनेला, म्हणजे टायफॉइडच्या कुळातल्या जंतूंचा संसर्ग होणे, ही या आजाराची जुनी ओळख आहे. पुरुषांमध्ये लिंगाची वेदनादायक, न उतरणारी ताठरता येऊ शकते. संकोचाने ती लपवली जाते, पण चार तासांहून अधिक टिकली तर तातडीने रुग्णालय गाठलेच पाहिजे.

सोल्युबिलिटी या प्राथमिक रक्तचाचणीत दोष दिसला तरी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी केल्याशिवाय रुग्ण कोण आणि वाहक कोण हे ठरत नाही. रुग्ण ठरल्यास हायड्रॉक्सियुरिया हे औषध उपयोगी पडते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रौढांवरील अभ्यासात वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले होते. मेलेले हाड मात्र त्याने पूर्ववत होत नाही, आणि मूल हवे असल्यास हे औषध चालू ठेवण्याबाबत डॉक्टरांशी आधीच बोलावे लागते. खुब्याची शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना हा आजार आधी माहीत असणे गरजेचे आहे, कारण टेबलावर शरीर गार पडू न देणे, पाणी आणि प्राणवायू कमी न होऊ देणे आणि गरजेनुसार आधी रक्त चढवणे, यांवर शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसात उद्भवणारा जीवघेणा अडथळा टळणे बऱ्याच अंशी अवलंबून असते.