लिव्हरची गाठ निघाली, पण पुढचं कसं कळतं?

ऑपरेशन थिएटरच्या बाहेर नातेवाईकांचा पहिला प्रश्न एकच असतो, डॉक्टर, सगळी गाठ निघाली ना? आणि बऱ्याचदा ती खरंच पूर्ण निघालेली असते, तरीही लिव्हरमध्येच सुरू झालेल्या कॅन्सरमध्ये (आतड्यातून वगैरे पसरून आलेल्याचं मी बोलत नाहीये) ऑपरेशननंतर ५ वर्षांत साधारण ७० टक्के पेशंटना तो परत होतो. ऐकून पोटात गोळा येतो. पण हा आकडा सगळ्यांचा मिळून आहे, आपल्या माणसाचा नाही, त्याचा अंदाज वेगळा काढावा लागतो.

मला वाटतं घरच्यांना एक गोष्ट आधीच नीट सांगायला हवी, ती म्हणजे इथे आजार दोन असतात. एक ती गाठ, आणि दुसरं ती ज्यात झाली ते लिव्हर, कारण बहुतेकांचं लिव्हर हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, नाहीतर फॅटी लिव्हरमुळे आधीच खराब झालेलं असतं, कित्येकांना सिरोसिस असतो, म्हणजे लिव्हरवर वण पडून ते कडक झालेलं असतं. पहिल्या २ वर्षांत कॅन्सर परत आला तर तो बहुतेक वेळा जुन्याच गाठीच्या आधीच इकडेतिकडे गेलेल्या पेशींमुळे, आणि त्यानंतर आला तर बऱ्याचदा त्या खराब लिव्हरमध्ये नव्यानेच तयार झालेला.

पहिल्या धोक्याचा अंदाज गाठीवरून येतो. किती सेंटीमीटरची, एकच की जास्त, रक्तातलं एएफपी (या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढणारं एक प्रोटीन) किती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांमध्ये कॅन्सरच्या पेशी शिरल्यात का. हे शेवटचं फक्त मायक्रोस्कोपखाली दिसतं, म्हणजे गाठ काढून लॅबमध्ये गेल्यावरच पक्कं कळतं, म्हणून तर एमआरआयवरून आणि आता एआय वापरून ते ऑपरेशनआधीच ओळखायची एवढी धडपड चाललीय.

दुसरा आजार म्हणजे लिव्हर, ते किती काम करतंय हे मोजायला वर्षानुवर्षं चाइल्ड-प्यू स्कोअर वापरतात. तो मुळात कॅन्सरसाठी नव्हताच, १९७३ मध्ये प्यू आणि सहकाऱ्यांनी तो अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांमधून रक्तस्राव होणाऱ्या पेशंटच्या ऑपरेशनसाठी मांडला, आणि त्यात पोटात पाणी थोडं की जास्त, पेशंटला भ्रम होतो का, असं डॉक्टरच्या नजरेवर सोडलेलंही बरंच आहे. २०१५ मध्ये आलेला अल्बी स्कोअर फक्त रक्तातल्या अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन) आणि बिलिरुबिनवर (काविळीत वाढतं ते) निघतो. तालुक्याच्या लॅबमध्येही होणाऱ्या या दोन साध्या टेस्ट आणि त्यावरून लिव्हरमध्ये किती दम उरलाय ते कळतं, मला हे फार मोठं काम वाटतं.

धोका जास्त निघाला तर औषध द्यायचं का? अटेझोलिझुमॅब (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं) आणि बेव्हासिझुमॅब (गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू न देणारं) या दोन औषधांच्या मोठ्या ट्रायलचे २०२३ चे निकाल कॅन्सर परत येणं कमी होईल अशी आशा लावणारे होते, पण पेशंटना आणखी काही काळ फॉलो केल्यावर तो फायदा टिकला नाही. त्यामुळे सध्या तरी भर आहे तो सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआय आणि एएफपी वेळच्या वेळी करण्यावर, कारण परत आलेली गाठ लहान असतानाच सापडली तर पुन्हा काढता येते, जाळता येते, काहींना ट्रान्सप्लांटही होतं. आणि हिपॅटायटिस बी असेल तर टेनोफोविर किंवा एन्टेकाविरची रोजची गोळी, ती मात्र बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करायची नाही.