पिल्लाच्या पोटात आधी कोण शिरतं?

चिकन खाऊन कुणाचं पोट बिघडलं की पहिला संशय हाच, कोंबडी आजारी असणार, पोल्ट्रीवाल्याने रोगट माल खपवला वगैरे. पण बहुतेक वेळा ती कोंबडी ठणठणीत असते, नीट खात-पीत असते, वजनही बरोबर भरत असतं. आपल्याला चार दिवस संडासच्या फेऱ्या मारायला लावणारे दोन मुख्य बॅक्टेरिया, साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर, तिच्या आतड्यात बिनबोभाट राहत असतात आणि तिला त्याचा काही त्रास नसतो. (साल्मोनेलाच्या एकदोन जाती कोंबड्यांनाच मारतात, पण त्या माणसाच्या वाटेला सहसा जात नाहीत.) म्हणजे नुसतं बघून ओळखायचं म्हटलं तर जनावरांच्या डॉक्टरलाही जमणार नाही.

हे बॅक्टेरिया राहतात कुठे, तर मुख्यतः सीकममध्ये. कोंबडीचं लहान आतडं जिथे संपतं तिथे बाजूला दोन लांबट पिशव्या असतात, एका बाजूने बंद, आणि न पचलेलं बरंच काही तिथे जाऊन आंबत पडतं. ऑक्सिजन जवळजवळ नाही, खायला भरपूर, आणि कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा गरम, 41-42 अंशांचं. मोठ्या कोंबडीच्या सीकममधल्या एका ग्रॅम ऐवजात शंभर अब्जाच्या आसपास बॅक्टेरिया निघतात आणि त्यातले बहुसंख्य निरुपद्रवी, उलट कामाचे असतात.

आता खरी मेख. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाचं आतडं जवळपास रिकामं असतं, म्हणजे बॅक्टेरियांच्या हिशेबाने. एरवी पिल्लू आईच्या पंखाखाली फुटतं, तिच्या शिटेत चोच मारतं, तिने उकरलेलं खातं, आणि एकदोन दिवसांत आईच्या पोटातली सगळी वस्ती त्याच्या पोटात उतरते. ऐकायला घाण वाटतं पण व्यवस्था झकास आहे. हॅचरीत, म्हणजे मशीनने अंडी उबवतात तिथे, मात्र आईच नसते. अंडी 21 दिवस मशीनमध्ये, जंतुनाशकाने साफ केलेली, पिल्लं निघाली की ट्रेमध्ये आणि तिथून थेट शेडमध्ये, जिथे मागची बॅच गेल्यावर सगळं धुऊन काढलेलं असतं. स्वच्छतेत चूक काहीच नाही, पण पोट रिकामं राहतं आणि पहिल्या दिवसांत जो कुणी पाण्यातून, फीडमधून, उंदराच्या लेंडीतून नाहीतर कामगाराच्या बुटाला चिकटून येईल तो तिथे रुमाल टाकून जागा धरतो. एक दिवसाच्या पिल्लाला साल्मोनेलाचे मोजून दहा-बारा जिवाणूही पुरतात, तेच तीनचार आठवड्यांच्या पक्ष्याच्या पोटात घर करायला त्यांना प्रचंड संख्येने यावं लागतं.

ही गोष्ट फिनलंडमध्ये लक्षात आली. 1971 साली तिथल्या ब्रॉयलर फार्मांवर साल्मोनेला इन्फँटिस नावाचा प्रकार जोरात पसरला होता, आणि एस्को नुर्मी नि रांटाला या दोघा संशोधकांनी एक अगदी गावठी वाटेल असा उपाय करून पाहिला. निरोगी मोठ्या पक्ष्यांच्या आतड्यातला ऐवज घ्यायचा, पातळ करायचा आणि एकदोन दिवसांच्या पिल्लांना पाजायचा. नंतर त्या पिल्लांना मुद्दाम साल्मोनेला दिला तर तो बहुतेकांच्या पोटात टिकलाच नाही. 1973 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या मासिकात हे छापून आलं आणि पोल्ट्रीच्या जगात याला आजही नुर्मीचंच नाव आहे. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण जंतूंचा प्रश्न आणखी जंतू पाजून सोडवायचा म्हणायला धाडस लागतं.

यात जागा अडवली जाते हा भाग आहेच, पण तेवढंच नाही. सीकममधले जुने रहिवासी तंतुमय पदार्थ आंबवून अॅसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी छोटी आम्लं तयार करतात, ती साल्मोनेलाच्या पेशीत शिरून आतून त्याला आंबट करतात आणि त्याची वाढ अडते. त्यातलं ब्युटिरिक तर आतड्याच्या अस्तरात घुसण्यासाठी साल्मोनेला जे जीन वापरतो तेच दाबून टाकतं, वर कोंबडीच्या आतड्याच्या पेशींना खुराकही मिळतो.

पुढे अडचण आली ती कागदपत्रांची. मोठ्या कोंबडीच्या पोटातला ऐवज बाटलीत भरून विकायचा म्हटलं की सरकारी खातं विचारणारच की यात नक्की काय काय आहे, आणि शेकडो जाती असलेल्या मिश्रणाचं उत्तर कोण देणार. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न नि औषध खात्याने, 1998 मध्ये 29 ओळखलेल्या बॅक्टेरियांचं एक मिश्रण मंजूर केलं, ते पिल्लांच्या अंगावर फवारायचं, पिल्लं चोचीने पिसं साफ करताना ते आपोआप पोटात जातं. कल्पना छान होती. पण निवडून घेतलेल्या जातींपेक्षा पूर्ण रानटी मिश्रण सहसा जास्त चांगलं काम करतं, हे दुखणं अजून आहेच. बाजारातल्या एकाच जातीच्या प्रोबायोटिकवर (चांगले जिवाणू म्हणून विकतात त्यावर) मोठमोठे दावे लिहिलेले दिसतात तेव्हा हे आठवावं.

याच जुन्या वस्तीला अँटिबायोटिक काय करतं तेही बघा. 1950च्या दशकात शिकागोत उंदरांवर प्रयोग झाला, साध्या उंदराच्या पोटात साल्मोनेलाला घर करायला लाखभर जिवाणू लागायचे, स्ट्रेप्टोमायसिनच्या एका डोसनंतर दहाहून कमी पुरले. पोल्ट्रीत मात्र वजन वाढावं म्हणून फीडमध्ये थोडं थोडं अँटिबायोटिक घालायची पद्धत कित्येक वर्षं चालली. स्वीडनने ती 1986 मध्ये बंद केली, युरोपियन युनियनने 2006 मध्ये पूर्ण. अमेरिकेत कोंबड्यांना दिलं जाणारं एन्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक 2005 मध्ये मागे घ्यावं लागलं, कारण कॅम्पिलोबॅक्टर त्याला सरावला होता आणि माणसांना दिलं जाणारं सिप्रोफ्लॉक्सॅसिन त्याच कुटुंबातलं आहे.

अंड्याचा मामला थोडा वेगळा. साल्मोनेला एन्टेरिटिडिस नावाचा प्रकार कोंबडीच्या अंडाशयापर्यंत पोचतो, त्यामुळे कवच कितीही स्वच्छ असलं तरी तो आत असू शकतो. 1980च्या दशकात तो एकदम का बोकाळला याचं एक मत असं आहे की कोंबड्यांना मारणारा साल्मोनेला गॅलिनारम आधी मोहीम काढून हटवला गेला होता, त्याने रिकामी केलेली जागा याने घेतली. सिद्ध झालंय असं नाही, पण पटण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये 1998 पासून अंड्यांच्या कोंबड्यांना मोठ्या प्रमाणावर लस द्यायला लागले आणि रुग्ण खूप कमी झाले.

कॅम्पिलोबॅक्टरसमोर मात्र ही सगळी शस्त्रं बोथट पडतात. मुळात हा जिवाणू उशिरा सापडला, स्क्रू सारखा वळणदार, ऑक्सिजन थोडासाच लागतो, प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या प्लेटवर उगवत नाही, त्यामुळे 1977 मध्ये मार्टिन स्किरो या ब्रिटिश डॉक्टरने खास पद्धत वापरून दाखवेपर्यंत जुलाबाचं एवढं मोठं कारण डॉक्टरांच्या नजरेतून निसटत होतं. तो साखर जवळपास खातच नाही, आतड्याच्या चिकट थरात बसतो आणि अमिनो आम्लं, लॅक्टेट, अॅसिटेट यांवर जगतो. म्हणजे साल्मोनेलाला जड जाणारं अॅसिटेट याच्या ताटात वाढलेलं असतं, मग चांगल्या बॅक्टेरियांची वस्ती बसवून याला हाकलणार कसं?

पहिले दोनेक आठवडे पिल्लांमध्ये तो सहसा सापडत नाही, बहुधा आईकडून अंड्याच्या बलकातून मिळालेल्या अँटिबॉडीज असतात तोवर. मग एका पक्ष्यात शिरला की पाण्यातून आणि लिटरवरच्या, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या भुशावरच्या, शिटेतून आठवडाभरात जवळजवळ अख्खं शेड. काही ठिकाणी मोठे पक्षी आधी उचलायचे आणि बाकीच्यांना आणखी वाढू द्यायचं अशी पद्धत असते, त्यात पकडणारी माणसं आणि क्रेट एका फार्मवरून दुसऱ्यावर फिरतात आणि तिथेच बरेचदा घात होतो.

एक बरं आहे, 30 अंशांच्या खाली हा वाढत नाही, म्हणून ओट्यावर राहिलेल्या चिकनमध्ये तो दुप्पट-चौपट होत नाही. पण त्याला वाढायची गरजही नाही, पाचशे जिवाणू गेले तरी माणूस आजारी पडू शकतो, आणि कच्च्या चिकनच्या पाण्याच्या एका थेंबात तेवढे असू शकतात. म्हणून चिकन नळाखाली खळखळून धुणं ही वाईट सवय आहे, बॅक्टेरिया जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर सिंकभर, कापलेल्या काकडीवर, सगळीकडे उडतात. आतपर्यंत 74 अंश तापलं की साल्मोनेला नि कॅम्पिलोबॅक्टर दोघेही मरतात. फ्रीझरमध्ये काही मरतात, सगळे नाही.

शेड आणि स्वयंपाकघर यांच्या मधला टप्पा कत्तलखान्याचा, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे आणि लक्ष तिथे द्यायला हवं. आतडी काढताना फाटली तर सीकममधला ऐवज कातडीवर, पिसांच्या छिद्रांत जातो. म्हणून पक्ष्यांना आधी 8-12 तास फीड देत नाहीत, पण उपाशी पक्षी लिटर टोचत बसतात आणि गळ्याजवळच्या पिशवीत आंबट करणारे लॅक्टोबॅसिलस कमी होऊन तिथे साल्मोनेला वाढतो, म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. पिण्याच्या पाण्यात लॅक्टिक आम्ल घालून यावर थोडा उतारा मिळतो. न्यूझीलंडमध्ये 2006 मध्ये कॅम्पिलोबॅक्टरचे रुग्ण विक्रमी झाले, मग सरकारने प्रक्रिया केलेल्या चिकनवर किती बॅक्टेरिया चालतील याची मर्यादा घातली, कारखान्यांनी धुण्याची नि थंड करण्याची पद्धत सुधारली, आणि 2008 पर्यंत रुग्ण निम्म्याहून कमी झाले. गियाँ-बारे नावाचा एक लकव्याचा आजार कधीकधी या संसर्गानंतर होतो, त्यासाठी दवाखान्यात भरती होणारेही त्याच काळात घटले.