एसीचा वारा कमी झालाय? गॅस भरण्याआधी हे पाहा

एप्रिलच्या उन्हात सांगली-मिरज रस्त्यावर गाडीचा एसी लागेना, की बहुतेकांच्या तोंडी एकच उपाय येतो: गॅस भरून घ्या. त्याआधी व्हेंटसमोर हात धरा. हवा भरपूर येतेय पण कोमट आहे, तर गॅस, तो दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर किंवा त्याची उष्णता बाहेर टाकणारा पुढचा कंडेन्सर तपासायचा. हवा गार आहे पण कमी येतेय, तर शोध केबिन फिल्टरपासून, म्हणजे गाडीत येणारी हवा गाळणाऱ्या फिल्टरपासून सुरू करायचा.

बहुतेक गाड्यांत हा फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. बॉक्स रिकामा करून त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली झुकतो. मागे प्लास्टिकचं झाकण दिसतं. फिल्टर काढून मिनिटभर ब्लोअर (एसीचा पंखा) पूर्ण वेगाने चालवा. वारा एकदम वाढला, तर दोष सापडला. कंपन्या साधारण 10 ते 15 हजार किलोमीटरला किंवा वर्षाला तो बदलायला सांगतात. पण ऊसपट्ट्यात गाळप हंगामभर धूळ आणि जाळलेल्या पाचटाची काजळी उडते, तेव्हा हंगाम संपला की मार्चमध्येच नवा टाकावा. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नका, आणि बसवताना त्यावरच्या बाणाची दिशा पाहा. काही स्वस्त मॉडेलमध्ये फिल्टरची नुसती जागा असते, फिल्टर नसतो. मग सगळा कचरा थेट हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलवर बसतो.

ब्लोअर फक्त चार नंबरवर चालतो, एक-दोन-तीनवर मुका? मोटर चांगली आहे, तिचा वेग कमी ठेवणारा रेझिस्टर जळालाय. खालच्या वेगांना करंट त्याच्यातून जातो, पूर्ण वेगाला थेट मोटरला. गंमत म्हणजे हा रेझिस्टर ब्लोअरच्याच वाऱ्याने थंड राहतो. त्यामुळे तुंबलेल्या फिल्टरकडे दुर्लक्ष केलं, तर नवा रेझिस्टरही जळू शकतो. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाड्यांत त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, तिथे ही खूण लागू पडत नाही.

फसवा दोष वेगळाच. साताऱ्याहून पुण्याला निघताना एसी झकास, खंबाटकी ओलांडेपर्यंत वारा हळूहळू मरतो. कूलिंग कॉइलवर बर्फ धरला असण्याची शक्यता मोठी. एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर 15-20 मिनिटं चालू ठेवा. वारा परत आला आणि गाडीखाली पाणी गळलं, तर निदान पक्कं. कारणं तीन: कॉइलचं तापमान मोजणारा सेन्सर बिघडलेला, कॉइलवरून जाणारी हवा अपुरी, किंवा गॅस कमी. हो, गॅस कमी असतानाही बर्फ धरतो, कारण कॉइलमधला दाब उतरून तापमान शून्याखाली जातं. म्हणून गॅस भरायचाच तर आधी गेज लावून दाब पाहायला सांगा, आणि गळती शोधल्याशिवाय भरू नका.

डाव्या सीटखालची मॅट ओली, वळणावर डॅशबोर्डमागे पाण्याचा डुबुक आवाज: कॉइलवरचं पाणी बाहेर सोडणारी निचऱ्याची नळी तुंबलीय. ती गाडीखालून मऊ नळीने मोकळी करावी; टोकदार तार घालू नये. हवेची दिशा बदलताना टिकटिक आवाज येत असेल, तर झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे प्लास्टिकचे दाते गेलेत. काही गाड्यांत ती पायाजवळून निघते, काहींत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, तेव्हा मजुरी आधीच विचारून घ्या.