शोकांतिकेचे चित्रपटरूपांतर (खान्देश)

रंगभूमीवरील अभिजात शोकांतिकेची आजच्या काळात व परिसरात केलेली पडद्यावरील मांडणी. खान्देशात (जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्हे व लगतचा मालेगाव-बागलाण भाग) ती मुख्यतः प्रमाण मराठी व हिंदी चित्रपटांतून पोचली.

मराठीतील पूर्वपीठिका शेक्सपिअरच्या भाषांतरांत सापडते : महादेवशास्त्री कोल्हटकरांचे ‘ऑथेल्लो’ (१८६७), आगरकरांचे ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ (१८८३) आणि देवलांचे ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ (१८९० च्या सुमारास).

वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ (पहिला प्रयोग १९७०) शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’चे रूपांतर मानावे काय, हा वादाचा मुद्दा आहे. हयातीतच सर्वस्व मुलांना वाटून देणारा आणि मग बेघर होणारा बाप, हे बीज लिअरचेच. मात्र लिअरला तीन मुली, तर ‘नटसम्राट’चे नायक बेलवलकर यांना एक मुलगा व एक मुलगी. लिअरची राणी नाटकात येतच नाही, तर बेलवलकरांची पत्नी कावेरी तिच्या मृत्यूपर्यंत पतीची सावली आहे. वाटणीपूर्वी मुलांच्या तोंडून स्तुती वदवून घेण्याचा प्रसंगही येथे नाही. शिवाय नायक स्वतः नट असून जुन्या भूमिकांतील संवाद जगण्यात आणतो. त्यामुळे हे बीज घेऊन वाढलेली स्वतंत्र कृती, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सातबाऱ्यावरची वाटणी जवळून पाहिलेल्या खान्देशी प्रेक्षकाला तर हा बाप ओळखीचाच आहे.

महेश मांजरेकरांच्या ‘नटसम्राट’ चित्रपटात (२०१६, प्रमुख भूमिका नाना पाटेकर) खरी कसोटी स्वगतांची होती. नाट्यगृहात स्वगत थेट प्रेक्षकांना उद्देशून येते. कॅमेऱ्यापुढे त्याला ऐकणारा लागतो. मित्र रामभाऊ (विक्रम गोखले) ही उणीव बरीच भरून काढतो, आणि दोघा वृद्ध नटांचे प्रसंग चित्रपटात सर्वांत उत्कट उतरले आहेत.

विशाल भारद्वाज यांच्या ‘ओंकारा’त (२००६) ऑथेल्लोची कथा पश्चिम उत्तर प्रदेशातील टोळ्यांमध्ये, तिथल्याच बोलीत येते व पत्नीविषयीच्या संशयाचे निमित्त ठरणाऱ्या रुमालाची जागा कमरबंद घेतो. बोलीतून शोकांतिका उभी राहू शकते, याचा हा ठळक दाखला होय. खान्देशातील अहिराणी बोलीच्या दृष्टीने तो मोलाचा आहे.

मालेगावचे स्थानिक चित्रपट विडंबनासाठी ओळखले जातात; अहिराणी चित्रफितींतही विनोद व गाणी यांचाच भर आहे. दुःख पेलण्याची ताकद खान्देशी बोलींत नाही असे मात्र नव्हे. बहिणाबाई चौधरींच्या लेवा बोलीतील वैधव्याच्या कविता त्याची साक्ष देतात.