कासव-घरट्यांच्या नोंदी (कोकण किनारा)

समुद्री कासवांच्या माद्यांनी पुळणीवर घातलेल्या अंड्यांची, त्यांतून बाहेर पडलेल्या पिल्लांची आणि त्या पुळणीच्या स्थितीची हंगामभर ठेवली जाणारी दिवसवार नोंद. कोकणात ही नोंद प्रामुख्याने ऑलिव्ह रिडले (लेपिडोकेलिस ऑलिव्हेसिया) या जातीची असते. भारतात ही जात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. नोंदी ठेवणारे बहुतेक जण किनाऱ्यावरच्या गावांतले असून त्यांना ‘कासवमित्र’ म्हणतात. पहाटे त्यांच्या वहीत जे लिहिले जाते त्यावरच संस्थांचे आणि वनविभागाचे पुढचे सगळे आकडे उभे राहतात.

कोकणातील नोंदींचा आरंभ कोणता मानावा, हे नोंद कशाला म्हणायचे यावर ठरते. कोस्टा रिकातील टॉर्टुगेरो येथे कासव-अभ्यासक आर्ची कार यांनी १९५५ मध्ये कासवांना क्रमांकाचे बिल्ले लावायला सुरुवात केली. पुळणीवरच्या दीर्घकालीन नोंदींचा उगम सहसा तिथे दाखवला जातो. भारतात मद्रासच्या किनाऱ्यावर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रात्रीच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि १९८८ पासून विद्यार्थ्यांच्या एका संघटनेने त्या सातत्याने चालवल्या. याच काळात कासव-अभ्यासक सतीश भास्कर यांनी देशाच्या किनाऱ्याचा फार मोठा भाग पायी पालथा घातला. त्यांची सर्वेक्षणे आजही आधारभूत मानली जातात. मात्र सर्वेक्षण म्हणजे एका भेटीत जे दिसले ते. त्यावरून कोकणात कासवे अंडी घालतात एवढे सिद्ध होते, पण एका हंगामात किती घरटी झाली हे कळत नाही.

या दृष्टीने रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास (ता. मंडणगड) हे गाव आरंभबिंदू मानणे अधिक सयुक्तिक वाटते. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे (स्थापना १९९२) कार्यकर्ते २००२ मध्ये पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडांची पाहणी करत होते. तेव्हा त्यांना या पुळणीवर कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. शोध गरुडांचा होता आणि हाती कासव लागले, असेच म्हणायचे. त्याच हंगामापासून तेथे संरक्षण आणि नोंदी दोन्ही सुरू झाल्या. घरटी कुठे असतात हे अंडी काढून नेणाऱ्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होते. त्यांच्यापैकी काही जण पुढे राखणदार झाले, आणि ते ज्ञान वहीत उतरले ते त्यामुळेच.

नोंद सुरू होते मागापासून. रात्री वर आलेली मादी वाळूत पट्टा उमटवून परत जाते. रिडलेच्या मागात डाव्या-उजव्या वल्ह्यांच्या (वल्ह्यासारख्या पायांच्या) खुणा आलटूनपालटून पडतात, तर ग्रीन टर्टल ही दुसरी जात दोन्ही वल्ही एकदम मारते म्हणून तिचा माग समोरासमोर जुळतो. माग वर जाऊन अंडी न घालताच परत फिरलेला असेल तर तीही नोंद करायची असते, आणि नेमकी तीच अनेकदा गाळली जाते. घरटे सापडले की हाताने वाळू उपसून अंडी काढतात. शंभराच्या आगेमागे, पिंगपाँगच्या चेंडूसारखी, ओलसर, दाबली तर किंचित दबणारी. ती उचलताना फिरवायची नसतात, कारण काही तासांतच गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटू लागतो. म्हणून गस्तीची, घरटे सापडल्याची आणि हॅचरीत (अंडी राखून उबवण्याच्या कुंपणातल्या जागेत) पुरल्याची अशा तिन्ही वेळा वहीत लागतात. हॅचरीत दीड फुटाच्या आसपास खड्डा करून अंडी पुरतात, वर टोपली पालथी घालतात आणि शेजारी क्रमांक, तारीख व अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी रोवतात. वही भिजली तर पाटी असते आणि पाटी पुसली तर वही.

तारखेचे महत्त्व एवढ्यावर थांबत नाही. पिल्ले साधारण ४५ ते ६० दिवसांत निघतात. वाळू तापलेली असली की लवकर, थंड असली की उशिरा. कासवांत पिल्लाचे लिंग उबवणीच्या मधल्या तृतीयांश काळातील तापमानावर ठरते. गरम वाळूतून माद्या अधिक निघतात, थंड वाळूतून नर. त्यामुळे तापमानाचा रकाना रिकामा सोडून नुसती ‘एकूण पिल्ले’ लिहिली, तर नर-मादी प्रमाणाविषयी पुढे काहीच बोलता येत नाही. पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी भरणाऱ्या वेळासच्या कासव महोत्सवाला कोणत्या आठवड्यात यावे, हेही याच तारखांवरून सांगितले जाते, आणि गावातल्या घरगुती निवास-न्याहारीची गणिते त्यावरच बसतात.

यशाच्या टक्केवारीबाबत मात्र बराच गोंधळ आढळतो. ‘अंडी फुटण्याचे प्रमाण’ आणि ‘पिल्ले वर येण्याचे प्रमाण’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटचे पिल्लू बाहेर पडल्यावर काही दिवसांनी घरटे उकरून टरफले मोजतात. अर्ध्याहून मोठे टरफल एक धरतात, तुकडे सोडून देतात. समजा ११२ अंड्यांपैकी ९० टरफले रिकामी निघाली आणि तळाशी ४ मेलेली व २ अडकलेली पिल्ले सापडली. मग फुटण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्के, पण स्वतःहून वर आलेली पिल्ले ८४, म्हणजे ७५ टक्के. कोणता आकडा दिला हे स्पष्ट न करता दोन गावांची तुलना करणे चूक आहे. तसेच घरटी म्हणजे माद्या नव्हेत. एक मादी एका हंगामात एकाहून अधिक वेळा अंडी घालू शकते. ‘यंदा कासवे वाढली’ असे जे छापून येते, ते बहुधा ‘यंदा घरटी जास्त सापडली’ एवढेच असते.

सर्वांत घातक गफलत होते ती शून्य आणि कोरी जागा यांची. गस्त घातली आणि घरटे नव्हते, तर शून्य. गस्तच घातली नाही, तर कोरी जागा. संगणकावरील तक्त्यात दोन्ही सारखीच भरली की ज्या पुळणीवर कुणी गेलेच नाही तीही ‘कासवे नसलेली’ ठरते. मार्च २०१८ मध्ये मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर रिडलेची पिल्ले दिसली तेव्हा कित्येक वर्षांनी मुंबईत कासव आले असे म्हटले गेले. तेथे घरट्यांसाठी रोजची पहाटगस्त नव्हती आणि अंडी घातल्याची तारीखही कोणाकडे नव्हती. त्यामुळे कित्येक वर्षांनी आले की कित्येक वर्षांनी दिसले, हा प्रश्न उरतोच. गस्तीचे दिवस आणि चाललेले अंतर लिहिणारा रकाना म्हणूनच घरट्यांच्या रकान्याइतका जपला पाहिजे.

अधिवासाच्या नोंदी त्या मानाने तुटक आहेत. उधाणाच्या रेषेपासून झाडीपर्यंतची रुंदी, वाळूउपसा, दिव्यांचा उजेड, सुरूची लागवड, दगडी धूपप्रतिबंधक बंधारे हे सारे नोंदवायचे असते; प्रत्यक्षात काहीतरी बिघडल्यावरच त्याकडे लक्ष जाते. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर आले. अशा वेळी पुळणीचे काय झाले हे सांगायला आधीची मोजमापे हाताशी असावी लागतात.

बिल्ल्याच्या नोंदीचे मोल एका उदाहरणावरून कळते. २०२१ मध्ये ओडिशात ‘०३२३३’ क्रमांकाचा धातूचा बिल्ला लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची रिडले वेगवेगळी असावीत असे सर्वसाधारणपणे धरले जाई. त्या समजुतीला एका बिल्ल्याने तडा गेला, आणि तोही दोन्ही टोकांना कोणीतरी पाच आकडे नीट लिहून ठेवले म्हणून. त्याआधी, २०२२ च्या सुरुवातीला, कोकणात पाच माद्यांना उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळवणारी यंत्रे बसवली गेली. पहिली वेळासची, तिचे नाव ‘प्रथमा’. पुढच्या वर्षी गुहागरला यंत्र लावलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. यंत्रे काही महिन्यांत थांबतात, बिल्ला मात्र वर्षानुवर्षे टिकू शकतो.

आता किनाऱ्यावरील बहुतेक हॅचरींचे काम वनविभाग व त्याच्या कांदळवन (खारफुटी) कक्षाच्या देखरेखीखाली चालते. रायगडमध्ये हरिहरेश्वर व दिवेआगर, सिंधुदुर्गात वायंगणी, तांबळडेग व शिरोडा येथून नोंदी येतात; जुन्या वर्षांच्या वह्या मात्र सर्वत्र सारख्या राखलेल्या नाहीत. गोव्यात मोरजी, आगोंद आणि गालजीबाग या पुळणींवर संरक्षण आहे. मोरजीला स्थानिक तरुणांच्या मदतीने ते १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले.